दोनदा आखूड, एकदा लांब

गोठ्यात धन्याचा शब्द नव्हे, त्याचं खाकरणं चालायचं. धार काढायला बसण्यापूर्वी तो दोनदा आखूड, एकदा लांब खाकरायचा. ते ऐकलं की गाय मागचा पाय सरकवून पान्हा सोडायची.

गायींना साथीचा ताप आला, तेव्हा दुधाचे शिंतोडे त्याच्या डोळ्यांत उडाले. गायी आठवड्यात बऱ्या झाल्या. तो मात्र त्याच तापाने अंथरुणाला लागला, तो पुन्हा उठलाच नाही.

तो गेला त्या दिवसापासून गायींनी पान्हा चोरला. बायकोने त्याचा सदरा घातला, त्याच्यासारखं खाकरूनही पाहिलं. चौदा जणींपैकी एकही भुलली नाही.

"मुकं जनावर असलं तरी त्याला माणूस कळतं, वहिनी," दीर म्हणाला. "विकून टाकू आता."

"तुमच्या दादांच्या हातच्या आहेत त्या," एवढंच ती म्हणाली.

आज दुपारी ती गायीची कास पुसत होती. सकाळपासून तिचे डोळे चुरचुरत होते. घशात खवखवलं म्हणून ती खाकरली, अगदी नकळत. दोनदा आखूड, एकदा लांब.

आवाज तिचा नव्हता.

दीर बादली घेऊन दारातच थबकला. चौदाही गायींनी एकदम मागचा पाय सरकवला, आणि कुणाचा हात लागण्याआधीच दूध जमिनीवर ठिबकू लागलं.