आजोबांची सुसर

ओवीच्या हृदयाचं भोक बुजवलं, तेव्हापासून ते आईच्या तालावर धडधडायला शिकत होतं. दोघींच्या छातीत एकेक चिप होती. मंजिरीचं काळीज चालेल तसं लेकीचं चालायचं. म्हणून मंजिरीला वाईट बातमी सांगायची नाही, असा डॉक्टरांचा सक्त हुकूम होता.

आज नवरा उगाचच हसत होता, आणि दिराने चक्क तिच्या चहाचं कौतुक केलं. तेवढ्यात शेजारच्या मथूकाकू झाकलेलं पातेलं घेऊन आल्या.

"पिठलं-भात आणलाय गं. आज गॅस पेटवू नकोस."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. शेजारी असा पिठलं-भात कुणाच्या घरी नेतात, हे मंजिरीला ठाऊक होतं. तिचे वडील तिकडे सांगलीला दवाखान्यात होते.

"आई, माझ्या छातीत घोडा पळतोय!" पलंगावरून ओवी घाबरून ओरडली.

मंजिरीने हुंदका गिळला आणि लेकीला कुशीत घेतलं.

"घोडा कसला? आजोबा तर सुसरीवर बसून कृष्णेत फिरायचे."

"थापा!"

"अगं, खरंच. लगाम म्हणून तिला धोतर बांधलं होतं."

ओवी खुदकन हसली. घोडा हळूहळू दमला.

"मग परत कधी आले?"

"अजून चाललेत गं," सावकाश श्वास सोडत मंजिरी म्हणाली.