नाडीत सापडलेली पेज

सातव्या महिन्यात रुईलानची साखर वाढली, तरी सासूबाई तिला लाल खजुरांची गोड पेज भरवतच होत्या. "पेज थांबवा, जेवल्यावर हिला चालवा, इन्सुलिन चुकवू नका," इस्पितळातली नर्स फांग रोज सांगायची.

"कालची पोर तू, मला शिकवतेस?" म्हणत सासूबाईंनी सुनेला त्याच इस्पितळातल्या म्हाताऱ्या वैद्यांपुढे बसवलं.

वैद्यांनी डोळे मिटून बराच वेळ नाडी पाहिली. काढा लिहून दिला आणि म्हणाले, "गोड पेज बंद. जेवल्यावर चालायचं. इन्सुलिन चुकवायचं नाही."

"बघ, पेजसुद्धा नाडीतच दिसली त्यांना," सासूबाई थक्क झाल्या. त्या दिवसापासून पेज बंद झाली आणि पंधरा दिवसांत साखर उतरली.

रुईलान आभार मानायला गेली, तेव्हा वैद्य नर्स फांगला विचारत होते, "बोल पोरी, आज कुणाच्या नाडीत काय दिसायला हवंय?"