शंभरात एखादा

नऊ वर्षांच्या मुक्ताईचा समोरचा नवा दात तांदळाच्या दाण्याएवढाच उगवला, तशी नम्रता तिला घेऊन कर्वेनगरातल्या दातांच्या डॉक्टरांकडे निघाली. "तू कशाला येतोस?" असं दोनदा विचारूनही नवरा सुदर्शन सोबत आलाच.

"शंभरात एखाद-दुसऱ्याला असतो असा," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकदा आईकडून नाहीतर बाबांकडून येतो. मोठी झाली की कॅप बसवू, कोणाला कळणारसुद्धा नाही."

सुदर्शनचा चेहरा पडला. "मग माझ्याकडूनच आला असणार. मी लग्नाआधीच कॅप बसवून घेतली होती."

"आणि बारा वर्षं मला पत्ता लागू दिला नाहीस? धन्य आहेस!" नम्रता कडाडली.

 

मग तोंड फिरवून तिने जिभेच्या टोकाने स्वतःची कॅप हळूच चाचपून पाहिली. घट्ट होती.