मगरीचं धरून

"शी! किळस आली मला," म्हणत मी लॅपटॉप ढकलला.

नात अर्थशास्त्र आणि फायनान्स शिकते. उद्या दोघींचा मिळून प्रोजेक्ट द्यायचा, म्हणून तिच्या मैत्रिणीने साठ घरांच्या खर्चाचे आकडे घरबसल्याच रचले होते. एकाही घरात ना पाहुणा, ना आजारपण, ना उतू गेलेलं दूध.

"पण आलेख बघ कसा सरळ आलाय! आणि आजी, तू बोलतेस? तुझ्या गोष्टीत तर तू मगरीला चहा पाजलास म्हणे!"

"पाजलाच. पण त्याचे मार्क मागितले का गं कुणाकडे? आणि ह्या मेल्या थापा बेचवसुद्धा!"

नातीने पुन्हा आकडे बघितले. तिचंही नाक वाकडं झालं. सगळं पुसून तिने कोरा तक्ता उघडला.

"पहिलं घर आपलं. महिन्याचं दूध किती? खरं सांग हं."

"मगरीचं धरून?"