पिवळा बल्ब

बल्ब लागला तसा उंदीर धावत सुटला. कळ दाबायची सोडून तो बल्बलाच बिलगला. त्याला हुंगलं, चाटलं, पुढच्या दोन्ही पंजांत धरलं.

"अगं आत्या, बल्बवर किती माया त्याची!" तनुजा खिदळली.

"माया न्हाई गं ती," उज्वला आत्या म्हणाली.

नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजात आत्या उंदरांच्या खोलीचं काम बघायची. विज्ञान प्रदर्शनाला विषय हवाय, असं सांगून दहावीतली तनुजा तिच्या मागं लागली होती. खरा विषय घरी खाटेवर बसून होता.

आत्यानं समजावलं. या उंदराला आधी कळ दाबली की नशेचं औषध मिळायचं. औषधाच्या आधी दर वेळी पिवळा बल्ब लागायचा. मग औषध बंद, बल्बही बंद. उंदीर सुधारला. कळ विसरला, खायला-झोपायला लागला.

"आन् आज नुसता बल्ब लावला. औषधाचा थेंब न्हाई. तरी बघ, कसा करून राहिलाय! मेंदूतलं जुनं पुसलं जात न्हाई, तनू. त्याच्यावर नवं लिहितात, एवढंच. नशेच्या आधी जे दिसतं ना, मेंदू हळूहळू त्याच्यावरच जीव टाकतो. चटक लावणारं डोपामाइन सुटतं ते बल्ब बघूनच."

"मग बल्ब काढून टाकला की झालं!"

"सापडला तर," आत्या म्हणाली आणि पिंजऱ्यावर फडकं टाकलं.

तनुजा उड्या मारतच घरी आली. आप्पांचा बल्ब तिला सापडणार म्हणजे सापडणारच होता.

तिचे आप्पा, भागवत, धर्माबादच्या मिरची बाजारात हमाल होते. दिवसभर मिरचीच्या धुळीनं घसा जळायचा, मग संध्याकाळी कल्लू लागायची. कल्लू म्हणजे ताडी, तीही नशेची पावडर मिसळलेली. ती सोडली तेव्हा हात असे थरथरले की सदऱ्याचं बटण लागेना. लातूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रातून बरे होऊन निघाले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, आता परत घेतली तर लिव्हर साथ देणार नाही. म्हणून आईनं, अयोध्याबाईनं, धर्माबाद सोडून नांदेडात खोली केली. निघताना झाडून सगळ्या पाव्हण्यांनी एकच सांगितलं, "लेकीच्या तोंडाकडं बघ, भागवत." आईनंही तेच धरलं. आप्पांचं पाणी, ताट, गोळ्या, सगळं तनुजाच्या हातून.

तरी रोज संध्याकाळी काहीतरी व्हायचंच. तनुजा शाळेतून यायची. आप्पा तिचं तोंड ओंजळीत धरून लाडानं बघत राहायचे. सगळं कसं छान असायचं. तेवढ्यात धर्माबादकडची गाडी शिट्टी द्यायची आणि आप्पांना घाम फुटायचा. मग येरझाऱ्या. नजर दाराकडं.

तनुजानं घर पालथं घातलं. पोती उचलायचा आकडा भंगारात दिला. मिरचीचा वास मारणारं मुंडासं जाळलं. लहानपणी ती रोज संध्याकाळी ज्यातून आप्पांना कल्लू आणून द्यायची तो प्लास्टिकचा कॅनही फेकला. बाईमाणूस कल्लूच्या दुकानावर गेलं की लोक नावं ठेवतात, लेकराला कोण काय म्हणतंय! काही उपयोग झाला नाही. घाम यायचाच.

मग एका संध्याकाळी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आप्पा, तिकडं गाडीच्या येळंलाच दुकान उघडायचं ना?"

"हाव," आप्पा म्हणाले. तिच्याकडं न बघता.

"सापडला!" तनुजानं टाळी वाजवली. "आई, शिट्टी! शिट्टी हाय आपला बल्ब!"

तिनं खिडकीला पुठ्ठा ठोकला. फटीत जुनी लुगडी कोंबली. संध्याकाळ झाली की टीव्ही मोठ्यानं लावला. आईचे कान किटले, पण तनुजाला वाटलं, घाम थोडा कमी झालाय. नक्कीच कमी झालाय.

"लातूरला कधी जायचं हाय तुला, परदर्शनाला?" आप्पांनी विचारलं.

"शुक्रवारी."

"जा की. ऱ्हा चार रोज जास्ती. मावशी हाय तिथं."

"मला घालवायची लईच घाई झाली व्हय!"

आप्पा हसले. 

लातुरात तिच्या प्रयोगाला पहिला नंबर मिळाला. परीक्षकांनी एक विचारलं की ती दहा सांगायची. दोन कानांचा चकचकीत कप घेऊन मावशीच्या घरी गेली आणि आधी फोन लावला.

"आई, आप्पा कसे हायत?"

"लई शांत. तू गेल्यापासून घाम न्हाई का येरझाऱ्या न्हाईत. काल तर तिसरी भाकर मागून घेतली."

तनुजा मावशीच्या अंगणात गरागरा नाचली. उंदरांच्या खोलीत जे शिकली, ते तिनं घरी करून दाखवलं होतं!

परतली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. कप छातीशी धरून ती जिना चढली आणि दारातच थबकली. खिडकी सताड उघडी. पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवलेला. टीव्ही बंद.

"आई! ही कुणी उघडली?"

"मीच. तू गेलीस त्याच रोजी. जीव गुदमरून राहिला होता गं."

तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. लांबलचक, सगळ्या खोलीत भरून राहणारी. तनुजानं आप्पांकडं बघितलं.

आप्पा खाटेवर पाठमोरे बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. बोटं शांत चालत होती.

"आप्पा," तिनं हळूच हाक मारली.

आप्पांनी वळून बघितलं. त्यांचा चेहरा फुलला. मांडीवरचे घाटे सांडले, ते तसेच तुडवत ते तिच्याजवळ आले. तिचं तोंड ओंजळीत धरलं. डोळ्यांत केवढी माया! मग तिच्या गालावर त्यांची बोटं थरथरायला लागली. कपाळावर घाम तरारला.

तिच्या तोंडावरची नजर जराही न हलवता त्यांनी तिच्या हातातला रिकामा कप दोन्ही हातांनी घेतला आणि ओठांना लावला.