चिणलेलं बीळ

बहात्तरच्या दुष्काळात सिन्नरच्या माळावर खंडेराव मेंढपाळाने लांडगीचं बीळ पिलांसकट दगडांनी चिणून टाकलं. मोठा मर्द!

दुसऱ्या दिवसापासून लांडगी भरदुपारी त्याच्या पालासमोर येऊन बसू लागली. कुत्रं भुंकेना, मेंढरं बुजेनात.

“अवं, मेंढरू उचलत नाय, मग बसती कशाला?” बायको लंकाबाई म्हणाली.

“तुझं रूप बघाया!”

“हसू नका. पोरगं अंगावर पीत नाय, तरी पोट टम्म हाय.”

लांडगी खाल्लेलं ओकून पिलांना भरवते. पिलं तिचा जबडा चाटून मागतात. मेंढपाळाला हे शिकवावं लागत नाही.

खंडेरावाने तान्ह्याला झोळीतून उचललं. त्याने बापाची हनुवटी चाटली आणि आ वासून वाट पाहिली. काहीच मिळेना, तसं तोंड पालाच्या दाराकडे वळवलं.

बाहेर कुत्रं शेपूट हलवत होतं.