लाल पाण्याचा फोटो

“हा फोटो कुणी काढला?”

फौजदार महेश्वरी मॅडमनी मोबाइल टेबलावरून पुढे सरकवला. पडद्यावर शुक्रवार पेठेतले एक गटार होते, काठोकाठ लाल. त्यावर ठळक पांढऱ्या अक्षरांत एक ओळ : ‘आपल्या माणसांचं रक्त वाहतंय. तुम्ही झोपा.’

सिद्धेश्वरीने फोटोकडे पाहिले नाही. ती त्या ओळीकडे पाहत राहिली.

तिच्या गल्लीच्या टोकाला सूत रंगवण्याचा कारखाना होता. हौद रिकामा झाला की गटार रंग बदलायचे, आणि मागावर आता कोणत्या रंगाची चादर चढणार हे बायका उंबऱ्यात उभ्या राहून सांगायच्या. त्या पाण्याला रक्त समजेल असे गल्लीत कुणी नव्हते. पण मिरवणुकीतल्या भांडणाने शहर आधीच धुमसत होते, आणि फोटो गल्लीबाहेर गेला. संध्याकाळी दगड आले. शेजारच्या संगप्पाची रिक्षा जळाली. संगप्पा अजून दवाखान्यात होता, बेशुद्ध.

ती ओळ लिहिणारी पायल भिंतीकडेच्या बाकावर, महिला शिपायाच्या शेजारी बसली होती. तिला सकाळीच अटक झाली होती. कॉलेजात मराठीच्या वर्गात दोघी एकाच बाकावर बसत.

“फोटो माझा आहे,” सिद्धेश्वरी म्हणाली.

“सुम्निरु,” तिच्या आईने, निंगव्वाने, दंड धरला. “गप बस की. इचारलं तेवढंच सांग अन् घरला चल.”

“माहीत आहे आम्हांला,” मॅडम म्हणाल्या. “दंगलीच्या आधी तुमच्या खात्यावर आलाय तो. खाली कविता आहे, रंगाऱ्यांच्या हातांवर.”

“तुम्ही वाचलीत?”

“तपासात सगळं वाचावं लागतं.”

“मग माझ्यावर गुन्हा?”

“कशाचा? रंगाच्या पाण्याला रंगाचं पाणी म्हटल्याचा? फोटो खरा आहे. खोटी ती ओळ आहे, आणि ती यांची. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा आणि निघा.”

“कविता लिहिणं गुन्हा नसतो म्हणजे.”

“ठरवतात कधी कधी. पण त्यासाठी ती आधी कुणीतरी वाचावी लागते.”

मॅडमच्या स्वरात कुचेष्टा नव्हती. म्हणूनच ते वाक्य आत उतरले आणि तिथेच राहिले.

त्या कवितेतला एकेक शब्द सिद्धेश्वरीने कित्येक रात्री तळहातावर तोलला होता. ‘लाल’ शब्द येऊ न देता लाल दाखवायचे, एवढ्यासाठी ती रात्र रात्र जागली होती. दाद दिली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी. त्यांतली निम्मी मावसभावंडे. पायलने ती सगळी कविता बोटाच्या एका फटकाऱ्याने कापून टाकली, चहाला उकळी येईपर्यंत एक ओळ लिहिली, आणि त्या ओळीने माणसे घराबाहेर काढली. कवितेकडून सिद्धेश्वरीने आजवर दुसरे काय मागितले होते? कुणीतरी वाचावे आणि मग त्याला घरात बसवेनासे व्हावे.

संगप्पा रोज सकाळी रिक्षा पुसताना तिला म्हणायचा, “काय लेखिकाबाई, सोडू का कॉलेजला?” तिला तो आठवला. आठवूनही दुखले ते दुसरीकडेच. हे कळताच तिला स्वतःची भीती वाटली, पण भीतीने ते दुखणे कमी झाले नाही.

फाटकाबाहेर कॅमेरेवाले थांबले होते, उघड्या दारातून आत डोकावत. कुणीतरी हाक मारली, “पायल, इकडे बघा.” पायलने मान खाली घातली. हाक पुन्हा आली. तेच नाव.

“ती ओळही माझीच आहे,” सिद्धेश्वरी म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवले. “नीट विचार करून बोला. यात तुरुंग आहे. तो रिक्षावाला उद्या गेला, तर ही ओळ कुठपर्यंत नेईल सांगता येत नाही.”

“मी फोनवर सांगितली. हिने फक्त टाइप केली.”

“खोटं हाय साहेब,” निंगव्वा म्हणाली. “पोरगी माज्याजवळ होती त्या दिशी. भाकरी थापीत होती.”

“आई, तू गप.”

“संगप्पाची बायको काल माज्या गळ्यात पडून रडली गं,” निंगव्वा हलक्या आवाजात म्हणाली. “तिला काय सांगू मी?”

सिद्धेश्वरी आईकडे वळली नाही.

मॅडम बाकाकडे वळल्या. “काय हो, खरं आहे का हे? ओळ हिने सांगितली?”

पायलने मान वर केली. रडून डोळे सुजले होते, ओठ कोरडे पडले होते. एका होकाराने निम्मे ओझे दुसरीच्या खांद्यावर गेले असते. शिपाईबाईसुद्धा तिच्याकडे आशेने पाहू लागली. पायल बराच वेळ आपल्या मैत्रिणीचा चेहरा वाचत राहिली. वर्गात तिची कविता वाचायची तसा, भराभर नव्हे, शेवटपर्यंत.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “खोटं बोलायलीय ती.”

“कशावरून?”

“तिला असलं लिहायला जमत नाही की.”

निंगव्वाने लेकीचा दंड सोडला आणि बाकाकडे वळून पायलला हात जोडले.